बीजप्रक्रियेचा इतिहास : काळी भुकटी ते लाल रंगाचं बियाणं

बीजप्रक्रिया म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं, ही व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. पण संशोधनात उतरणार असाल तर तिच्यामागचा इतिहासही वाचा. प्रयोगाची मांडणी कशी करायची, हे त्यातून छान कळतं.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गव्हावरच्या काणीनं शेतकरी हैराण होते. दाण्यात पिठाऐवजी कुजक्या माशासारखा वास येणारी काळी भुकटी भरायची. कुणी धुक्याला दोष देई, कुणी खताला. मॅथ्यू तिये यानं वाद घालण्याऐवजी शेतात छोटे वाफे पाडले. खतं बदलली, पेरणीच्या तारखा बदलल्या. काही बियाणं स्वच्छ ठेवलं, काहींना काळी भुकटी लावली, काहींना भुकटी लावून वर चुना किंवा मिठाची प्रक्रिया केली. १७५५ मध्ये त्यानं निष्कर्ष मांडला : रोग भुकटीतून पसरतो आणि प्रक्रियेनं कमी होतो. मात्र ती भुकटी त्याला विषारी पदार्थ वाटली.

ती सजीव बुरशी आहे, हे १८०७ मध्ये बेनेडिक्ट प्रेव्हो यानं दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला बीजाणू पाण्यात रुजताना दिसले. पण तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात ते रुजेनात! निरीक्षण बिघडलं म्हणून त्यानं ते सोडून दिलं नाही. त्यातूनच मोरचुदाच्या द्रावणाची बीजप्रक्रिया पुढे आली. तरी विद्वानांनी त्याचं म्हणणं मान्य करायला कित्येक दशकं लावली.

विसाव्या शतकात पाऱ्याची औषधं आली. १९७१-७२ मध्ये इराकला पेरणीसाठी पाठवलेल्या, पारा लावलेल्या गव्हाच्या लोकांनी भाकरी केल्या. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत होत्या. लाल रंग धुतला की विष गेलं, असं अनेकांना वाटलं. काहींनी तर आधी कोंबड्यांना दाणे घालून पाहिले. चार दिवसांत काही झालं नाही. पण या विषाची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे लागतात. ६,५३० लोक रुग्णालयात दाखल झाले, त्यांपैकी ४५९ दगावले.

कोंबड्यांचा तो प्रयोगच होता, फक्त कालावधी अपुरा होता. म्हणून आराखडा लिहिताना दोन गोष्टी आधी ठरवा : तुलनेसाठी प्रक्रिया न केलेला वाफा कोणता, आणि निरीक्षण किती दिवस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शिष्यवृत्तीच्या मुदतीवरून ठरवू नका.