पडद्यावर मागें राहणारी छाया



वृत्तवाहिनी बदलून चित्रपट लावावा, आणि तरीहि तिचें बोधचिन्ह कोपऱ्यांत फिकट दिसत राहावें, असा अनुभव पुष्कळ घरांत आलेला आहे. महागड्या संचाच्या मालकास त्यामुळें चिंता वाटणें साहजिक आहे. कारण अनेक उत्पादक हा दोष आपल्या हमीमध्यें धरीत नाहींत. परंतु ही छाया नवी नव्हे. तिचा इतिहास पाहिला म्हणजे तिला कितपत भ्यावें, हेंहि कळूं लागतें.

१८९७ सालीं कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें स्ट्रासबुर्ग येथें कॅथोड किरणांची नळी सिद्ध केली. इलेक्ट्रॉनांचा झोत कांचेवरील फॉस्फरच्या लेपावर आदळला कीं लेप उजळतो, हें तिचें मर्म. पण जो आघात प्रकाश देतो, तोच लेपाला झिजवितोहि. आरंभींच्या दूरचित्रवाणी संचांत आणखी एक पीडा होती. चुंबकानें इलेक्ट्रॉन सहज वळत, परंतु जड आयन न वळतां थेट मध्यभागीं आदळत आणि तेथें तपकिरी डाग पडे. पुढें आयनांना वाटेंतच अडविण्याची युक्ति निघाली. नंतर लेपामागें ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊं लागले, आणि तो डाग नाहींसा झाला.

झीज मात्र राहिली. १९८० सालीं जपानांत निघालेल्या 'पॅक-मॅन' या खेळांतील चक्रव्यूहाच्या भिंती कधींच हलत नसत. म्हणून यंत्र बंद असतांनाहि त्या पडद्यावर उमटलेल्या दिसत. १९८३ च्या डिसेंबरांत जॉन सोचा यांनीं एक छोटी संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. तीन मिनिटें कळ दाबली नाहीं, तर ती पडदा काळा करी. १९८९ मध्यें निघालेल्या 'आफ्टर डार्क'मध्यें तर पंखांचे टोस्टर पडद्यावर उडूं लागले. संरक्षणाचें साधन करमणुकीचें झालें!

आतां सपाट पडद्यांकडे वळूं. १९६४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनीं प्लाझ्मा पडदा शोधला. पुढें रंगीत प्लाझ्मा संचांत पुन्हां फॉस्फर आलें, आणि त्याबरोबर जुनें दुखणेंहि. द्रवस्फटिकाच्या पडद्याची गोष्ट निराळी. तो स्वतः प्रकाशत नाहीं. मागचा प्रकाश अडवितो किंवा सोडतो. त्यांत विद्युत्भार सांचून छाया रेंगाळते, पण बहुधा विश्रांति दिली कीं ती विरून जाते. १९८७ सालीं कोडॅकमधील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय थरांची रचना जगापुढें मांडली. तिच्यांतूनच आजचे ओएलईडी पडदे आले. येथें प्रत्येक बिंदु स्वतः उजळतो, म्हणून जो अधिक उजळतो तो आधीं थकतो. त्यांतहि निळा सर्वांत आधीं.

तेव्हां दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या. रेंगाळणारी छाया जाते. झिजेचा ठसा जात नाहीं. हा ठसा म्हणजे पडद्यावर चिकटलेलें कांहीं नसून तेथून उणा झालेला प्रकाश होय. म्हणूनच तो पुसून जात नाहीं. नवे संच विश्रांतीच्या वेळीं बिंदूंची झीज मोजून ती भरून काढतात. यासाठीं संच बंद केल्यावर भिंतीवरील बटण लगेच बंद करूं नये.

ज्या घरांत विविध कार्यक्रम बेताच्या प्रखरतेवर पाहिले जातात, त्यास भिण्याचें फारसें कारण नाहीं. दुकानांत किंवा प्रतीक्षागृहांत दिवसभर एकच वाहिनी चालते, तेथें धोका खरा आहे. तेथें द्रवस्फटिकाचाच पडदा बरा. जो दिवा स्वतः झिजून उजेड देतो, त्यावर झिजेची खूण उमटणारच. ती सर्वत्र सारखी उमटावी, एवढेंच आपल्या हातीं आहे.