रीमा लागू
रीमा लागू (२१ जून १९५८ – १८ मे २०१७) या मराठी व हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या माध्यमांतील भारतीय अभिनेत्री होत्या. हिंदी चित्रपटांतील आईच्या भूमिकांसाठी, तसेच ‘तू तू मैं मैं’ या मालिकेतील सासूच्या भूमिकेसाठी त्या विशेष ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन

त्यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. रीमा यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झाले. १९७८ साली त्यांचा विवाह अभिनेते विवेक लागू यांच्याशी झाला. पुढे ते दोघे विभक्त झाले. त्यांची कन्या मृण्मयी लागू चित्रपटक्षेत्रात कार्यरत असून ‘थप्पड’ (२०२०) या चित्रपटाच्या त्या सहलेखिका आहेत. रीमा लागू १९७९ पासून सुमारे दहा वर्षे मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियामध्ये नोकरीस होत्या. या काळात नोकरी सांभाळून त्यांनी अभिनय केला.

रंगभूमी

जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ या नाटकात नाना पाटेकर यांच्यासमवेत त्यांनी अंबिकेची भूमिका केली. अत्याचाराला बळी पडूनही खचून न जाता अखेर स्वतःच सूड घेणाऱ्या या शिक्षिकेच्या भूमिकेने त्यांना रंगभूमीवर ओळख मिळवून दिली. शेखर ताम्हाणे लिखित ‘सविता दामोदर परांजपे’ या नाटकातील त्यांची प्रमुख भूमिकाही गाजली.

चित्रपट

जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) या मराठी चित्रपटात त्यांनी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्या सुनेची भूमिका केली. त्यानंतर ‘आक्रोश’ (१९८०) व ‘कलयुग’ (१९८१) या हिंदी चित्रपटांत त्या दिसल्या.

‘कयामत से कयामत तक’ (१९८८) मध्ये त्या जुही चावला यांच्या, तर ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये सलमान खान यांच्या आई झाल्या. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. या यशानंतर हिंदीत त्यांच्याकडे प्रामुख्याने आईच्याच भूमिका आल्या. मात्र पूर्वीच्या सोशिक, दुःखी आईऐवजी त्यांनी नीटनेटकी, आधुनिक आणि मुलांशी मोकळेपणाने वागणारी आई साकारली.

‘वास्तव’ (१९९९) मधील आई याहून वेगळी होती. या चित्रपटात त्या संजय दत्त यांच्या आई होत्या. प्रत्यक्षात दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर होते. गुन्हेगार मुलाला अखेर स्वतःच्या हाताने गोळी घालणाऱ्या शांताची ही भूमिका त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांमध्ये गणली जाते.

निवडक हिंदी चित्रपट
• आशिकी (१९९०)
• साजन (१९९१)
• हम आपके हैं कौन (१९९४)
• रंगीला (१९९५)
• कुछ कुछ होता है (१९९८)
• हम साथ साथ हैं (१९९९)
• कल हो ना हो (२००३)

दूरचित्रवाणी

‘खानदान’ (१९८५) ही त्यांची सुरुवातीची हिंदी मालिका होय. १९९४ साली सुरू झालेल्या ‘श्रीमान श्रीमती’मधील कोकिळा कुलकर्णी आणि ‘तू तू मैं मैं’मधील देवकी या भूमिकांतून त्यांचे विनोदी अंग प्रेक्षकांसमोर आले. ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रिया पिळगांवकर त्यांच्या सून होत्या व दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचे होते. ‘तुझं माझं जमेना’ या मराठी मालिकेतही त्यांनी काम केले. ‘नामकरण’ (२०१६) मधील दयावंती मेहता ही त्यांची खलप्रवृत्तीची भूमिका होती.

पुरस्कार

‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’ या चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्काराची नामांकने मिळाली.

मृत्यू

१८ मे २०१७ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवसापर्यंत त्या ‘नामकरण’चे चित्रीकरण करत होत्या.