नमस्काराआधीचा संकल्प

पूजेला बसलेला माणूस देवावर फूल वाहण्याआधी स्वतःचा ठावठिकाणा सांगतो. भरतखंड, गोदावरीचे दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, ऋतू, महिना, तिथी. मग गोत्र आणि नाव. आणि सरतेशेवटी, हे कर्म मी कशासाठी करतो आहे. एवढे म्हणून उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडले की संकल्प झाला. एरवी एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे म्हणजे तिची आशा सोडणे. संकल्पाचे पाणी मात्र माणसाला बांधून घेते.

सूर्यनमस्कारांनाही हा संकल्प होता, कारण परंपरेने ती सूर्याची उपासना. सवितृसूर्यनारायणाच्या प्रीतीसाठी इतके नमस्कार घालीन, असे आधी बोलायचे आणि मगच अंग वाकवायचे. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावे एकेका नमस्काराला. तृचाकल्प नमस्कारांत त्यांच्या जोडीला बीजाक्षरे आणि ऋग्वेदातल्या ऋचा. समर्थ रामदास नाशिकजवळ टाकळीला असताना रोज बाराशे नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. त्या आकड्याचा आज अचंबा वाटतो. पण आकड्याइतकेच मोल त्याआधीच्या ‘कशासाठी’ला होते.

या ‘कशासाठी’चे उत्तर एकोणिसाव्या शतकात बदलू लागले.

१८७२ साली मॅट्रिक झालेले बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पुढे जे करायचे ते या शरीराच्याने होणार नाही, हे ओळखून त्यांनी पहिले वर्ष तालमीला आणि पोहण्याला दिले. त्यापायी अभ्यास मागे पडला आणि वर्षही गेले. त्या काळी घरच्यांच्या दृष्टीने वर्ष जाणे ही लहान गोष्ट नव्हती. पळी-ताम्हन नव्हते, तरी हा संकल्पच होता आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुढे याच शरीरानिशी, १९०८ ते १९१४ अशी मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षे, मधुमेह असताना, पन्नाशी ओलांडलेल्या टिळकांनी काढली.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांची वाट वेगळी आणि अधिक वळणाची. सातारा भागातले औंध हे जेमतेम ७२ गावांचे संस्थान होते. १८९७ साली तरुण भवानरावांनी सँडोची व्यायामाची साधने आणि पुस्तके घेतली. युजेन सँडो हा त्या काळी जगभर गाजलेला शरीरसौष्ठवपटू. त्याची पद्धत भवानरावांनी दहा वर्षे नेमाने चालवली. मग १९०८च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

१९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. राजवाड्यात राणीसाहेबही नमस्कार घालत. भवानरावांनी पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असताना लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली आणि १९३८ साली त्यांनीच संपादित केलेले भवानरावांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. त्याचा विषय आरोग्य. निरोगी, दीर्घायुषी, कामाला समर्थ शरीर हे राजेसाहेबांचे उद्दिष्ट होते. मंत्र त्यांनी टाकले नाहीत. बीजाक्षरांच्या उच्चाराने शरीराच्या आतल्या भागांना चालना मिळते, असे ते सांगत. म्हणजे मंत्र तोच राहिला, पण तो म्हणण्याचे कारण देवघरातून निघून छाती-पोटाशी आले.

काहींना ही उपासनेची घसरण वाटेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. भवानराव स्वतः कीर्तन करणारे, रामायणाची चित्रे काढणारे भाविक गृहस्थ होते. त्यांनी देवाला बाजूला सारले नाही. देवघरातला व्यायाम शाळेच्या पटांगणात आणला, आणि तोही हेतू स्पष्ट सांगून. आज सूर्यनमस्कार कोणीही, कुठेही घालू शकतो, त्यात या माणसाच्या हट्टाचा वाटा मोठा आहे.

पण या प्रवासात एक गोष्ट वाटेत गळाली. रथसप्तमीला मैदानांवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर १०८ नमस्कारांचे कार्यक्रम होतात. बारा नावे ध्वनिवर्धकावरून ऐकू येतात, आकडा मोजायला कोणीतरी उभे असते. संकल्प क्वचितच कोणी सांगतो. तो संस्कृतातच हवा असे नाही. येत्या रथसप्तमीला पहिल्या नमस्काराआधी पूर्वेला तोंड करून उभे राहा; आपले नाव, आपले गाव, आजची तिथी आणि मी हे कशासाठी करतो आहे, एवढे मराठीतच, पण मोठ्याने म्हणा.