चिमटीतला धागा

मार्गशीर्षातली थंडी आहे, साल 1924. कारंजा अजून अकोला जिल्ह्यात आहे. वाशीम जिल्हा व्हायला 74 वर्षं बाकी आहेत. दारव्हा वेशीबाहेर बैलगाड्यांची रांग लागली आहे आणि तुम्ही एका गाडीवर, कापसात कमरेपर्यंत रुतून बसला आहात. व्यापारी येतो. चिमूटभर कापूस उपटतो, दोन अंगठ्यांत धरून ताणतो, तोडतो, पुन्हा ताणतो.

"माल चांगला हाय शेटजी, धागा पाह्यजा," गाडीवाला म्हणतो.

शेटजी काही बोलत नाहीत. वर्षभराची मेहनत दोन अंगठ्यांत मोजून झाली.

त्यातलीच एक चिमूट तुम्ही मुठीत धरता. लोक पुढे जिला शकुंतला म्हणतील, त्या छोट्या गाडीतून मूर्तिजापूरला उतरता. इथे गाठी मोठ्या रुळांवरच्या डब्यांत चढतात आणि मुंबईला निघतात. तिकडच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, पडलेलं नाव आहे, ऊमरा. आखूड धाग्याचा माल, अशी त्याची ओळख.

3 डिसेंबरला तुम्ही माटुंग्याला पोचता. 1921 साली नेमलेल्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीची प्रयोगशाळा आज सुरू होते आहे. पहिले संचालक आहेत आर्थर जेम्स टर्नर. आत सूतकताईची छोटी गिरणीच आहे. शेतीखात्यानं नवा वाण काढला, तर त्यातून किती नंबरचं सूत निघेल हे आजवर कुणाला सांगता येत नव्हतं. आता थोडी रुई इथे कातून ते कळेल. भिंतीवरचं यंत्र मात्र हवेतली ओल दाखवतंय. कापूस ओल पितो. ओलसर तंतू बळकट, कोरडा ठिसूळ. खोलीतली हवा बदलली की आकडा बदलतो. म्हणजे प्रयोगशाळा आधी खोली असते, यंत्रं नंतर येतात.

मूठ घट्ट धरा, वर्षं भराभर सरताहेत. 1966 मध्ये समिती जाते आणि प्रयोगशाळा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे येते. 1976 मध्ये नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था उभी राहते. 1985 मध्ये माटुंग्याचंच जिनिंगचं, म्हणजे सरकी काढण्याचं, प्रशिक्षण केंद्र नागपुरात येतं, आणि 1991 मध्ये माटुंग्याच्या प्रयोगशाळेला नवं नाव मिळतं, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, थोडक्यात सिरकॉट.

आज त्याच खोल्यांत तुमची चिमूट हाय व्हॉल्यूम इन्स्ट्रुमेंटमध्ये जाते. मिनिटभरात लांबी, ताकद, तलमपणा, रंग पडद्यावर येतात. पण त्यासाठी खोली रात्रंदिवस 27 अंशांवर आणि 65 टक्के आर्द्रतेवर ठेवावी लागते, प्रमाणित कापसानं यंत्र वरचेवर पडताळावं लागतं, आणि आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस लागतो. जुनी प्रयोगशाळा नवी करायची म्हणजे छप्पर, वीज, हवा आणि माणूस, सगळंच नवं करायचं. नुसतं यंत्र आणलं तर ते खोटे आकडे देतं.

आता परत या. कारंज्याच्या बाजार समितीत सकाळ झाली आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आहेत. प्रयोगशाळेतलं एक यंत्र इथवर पोचलंय: ढिगात खुपसून ओल सांगणारं. ओल 8 टक्क्यांवर गेली की भाव कापतात, 12 वर गेली की हमीभावाची खरेदी नाकारतात. भाव उतरवणारं माप आलं. भाव चढवू शकेल ते माप, धाग्याच्या लांबी-ताकदीचं, बहुतेक वेळा अजून अंगठ्यांतच आहे.

धागा मोजणाऱ्या यंत्राला सरकी काढलेली रुई लागते, ही अडचण खरी. पण नमुन्यापुरती सरकी काढणारं लिलिपुट जिन सिरकॉटनंच बनवलंय. ते जिन, धागा मोजणारं यंत्र, एक थंड खोली आणि एक शिकलेला माणूस कारंज्याला मिळाला, तर गाडीवाल्याच्या हातात धाग्याची चिठ्ठी येईल.

मूठ उघडा. 1924 ची चिमूट तिथेच आहे. समोर व्यापारी अंगठे पुढे करतो आहे. या वेळी ती त्याला देऊ नका. तपासणीची खोली कुठे आहे, ते विचारा.