विश्वकिरण आणि नव्या कणांचा शोध

कणांना वेग देणारीं मोठीं यंत्रें निघण्यापूर्वीं नव्या मूलकणांसाठीं शास्त्रज्ञांना आकाशाकडेच पाहावें लागे. ७ ऑगस्ट १९१२ रोजीं ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून सुमारें ५,३०० मीटर उंच गेले. तेथें हवेचें विद्युद्भारण कमी होण्याऐवजीं वाढलेलें आढळलें. अर्थात् किरण वरून येत होते. ह्याच विश्वकिरणांत १९३२ सालीं कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सांपडला, आणि पुढें म्युऑन व पायॉनहि तेथेंच मिळाले.

एका कणापासून अनेक, त्यांपासून आणखी अनेक, अशी कणांची सर कशी उत्पन्न होते, ह्याची उपपत्ति १९३७ सालीं होमी भाभा व वॉल्टर हाइटलर यांनीं मांडली. १९३८ सालीं फ्रान्सचे पिएर ऑजे यांनीं दूरदूर ठेवलेल्या मापकांवर एकाच क्षणीं पडणारी विशाल सर दाखविली. १९६२ सालीं न्यू मेक्सिकोंत जॉन लिन्सले यांना मिळालेल्या सरीच्या मूळ कणाची शक्ति १ पुढें २० शून्यें इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरली.

येथेंच कोडें पडलें. विश्वभर भरलेलें सूक्ष्मतरंगांचें प्रारण १९६५ सालीं उघडकीस आलें. इतके शक्तिमान प्रोटॉन दूरच्या प्रवासांत त्या प्रारणावर आदळून शक्ति गमावतील, असें १९६६ सालीं ग्रायझेन, झात्सेपिन व कुझ्मिन यांनीं दाखविलें. तरीहि १५ ऑक्टोबर १९९१ रोजीं युटा संस्थानांत त्याच्या तिप्पट शक्तीचा कण नोंदला गेला. ताशीं ९० किलोमीटर वेगानें फेंकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची शक्ति एका कणांत! जपानमधील वेधांतहि अपेक्षेहून अधिक असे कण दिसले. विश्वारंभींचे अतिजड कण आपल्या आकाशगंगेच्या परिसरांतच विघटित होत असावेत कीं काय, असा तर्क पुढें आला.

तो तर्क खरा असता, तर अतिशक्तिमान प्रकाशकण पुष्कळ यावयास हवे होते. आर्जेंटिनांत ३,००० चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या ऑजे वेधशाळेला ते आढळले नाहींत. १९६६ सालीं वर्तविलेल्या मर्यादेजवळ कणांची संख्या झपाट्यानें घटते, हें २००८ सालीं युटा व आर्जेंटिना येथील वेधांनीं ठरविलें. बहुतेक नवे तर्क त्यामुळें मागें पडले.

मात्र प्रश्न मिटलेला नाहीं. लिन्सले यांचा कण प्रोटॉन असेल, तर हवेंतील त्याचा आघात जिनीव्हाजवळील महायंत्रांतील आघाताच्या सुमारें ३० पट प्रबळ ठरतो. शिवाय अशा सरींत गणितानें सांगितल्यापेक्षां म्युऑन अधिक सांपडतात. हा आपल्या गणिताचा उणेपणा कीं नव्या नियमाची चाहूल, हें अधिक वेधांनींच ठरेल. आणि असा कण एका चौरस किलोमीटरावर शतकांत सुमारें एकदांच उतरतो.