बटणामागचा मॉसफेट

इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा इतिहास बहुधा तंबाखूच्या, औषधशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अंगाने लिहिला जातो. मात्र बॅटरीवर तापणारी तारेची कॉइल आणि ती चालू-बंद करणारा स्विच हा या उपकरणाचा खरा गाभा असल्याने त्याचा एक पदर अर्धवाहक उद्योगाच्या इतिहासातही शोधावा लागतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी तंबाखू आणि धूर दोन्ही टाळणाऱ्या सिगारेटच्या पेटंटसाठी १९६३ मध्ये अर्ज केला व १९६५ मध्ये ते त्यांना मिळाले, परंतु त्या कल्पनेला बाजार मिळाला नाही. आजच्या रूपाचा उगम चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांच्या २००३ च्या कामात आहे. त्यानंतर आलेल्या, सिगारेटच्याच आकाराच्या उपकरणांत ओढ घेताच हवेच्या दाबातील फरक टिपणारा संवेदक कॉइल चालू करी, आणि प्रवाह एक-दोन अँपिअरच्या आतबाहेरच असल्याने स्विचचा वेगळा विचार करण्याचे कारण नव्हते.

ते कारण वापरणाऱ्यांनीच निर्माण केले. २००८ च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेत हौशी कारागिरांनी अधिक मोठ्या बॅटरीची घरगुती उपकरणे बनवण्यास सुरुवात केली. फेरबदल या अर्थी त्यांना ‘मॉड’ म्हटले जाऊ लागले. त्यांतील नेहमीची बॅटरी म्हणजे ‘१८६५०’ हा लिथियम-आयन सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देणारा आणि उतरत जाऊन तीनेक व्होल्टांपर्यंत येणारा. अशा सेलला अर्धा ओहम रोधाची कॉइल जोडली की ८.४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे ३५ वॉट शक्ती खर्ची पडते. छपाई केलेल्या परिपथ-पट्टीवर बसवण्याचे लहान बटण अँपिअरचा अंशच सोसू शकते. त्यातून एवढा प्रवाह नेला तर दर दाबाला ठिणगी पडून संपर्कबिंदू जळत जातात आणि एखाद्या वेळी एकमेकांना चिकटूनच बसतात. बटणाने केवळ इशारा द्यावा आणि प्रवाहाचा भार दुसऱ्याने वाहावा, या गरजेतून ट्रान्झिस्टर या मॉडमध्ये आला.

कोणता ट्रान्झिस्टर, हा प्रश्न मात्र सरळ नव्हता. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी सिद्ध केलेल्या ट्रान्झिस्टरापासून, व पुढे शॉक्ले यांच्या संधि-ट्रान्झिस्टरापासून, जे द्विध्रुवी कूळ वाढले, त्यात मोठा प्रवाह सोडायचा तर ‘बेस’ या अग्राला सतत लहान प्रवाह पुरवावा लागतो. या कुळातला सर्वांत प्रसिद्ध शक्तिशाली घटक म्हणजे १९६० च्या दशकात आरसीए कंपनीने आणलेला ‘२एन ३०५५’ हा धातूच्या चपट्या टोपीतला, १५ अँपिअर क्षमतेचा ट्रान्झिस्टर. वीजपुरवठे आणि ध्वनिवर्धक यांत तो कित्येक दशके राबला. ८ अँपिअरसाठी मात्र त्याच्या बेसला जवळजवळ एक अँपिअर द्यावा लागतो, आणि पूर्ण चालू असतानाही त्याच्या दोन अग्रांमध्ये व्होल्टभर किंवा त्याहून अधिक दाब अडकून राहतो. चाळीस व्होल्टांच्या वीजपुरवठ्यात तो जाणवत नाही; चार व्होल्टांच्या सेलमध्ये पाव हिस्सा तिथेच उष्णतेत जातो.

यावरचा उपाय कल्पनेत ट्रान्झिस्टरापेक्षाही जुना आहे. प्रवाह न देता केवळ विद्युतक्षेत्राच्या बळावर वाहकता बदलण्याची कल्पना ज्युलियस लिलिएनफेल्ड यांनी १९२० च्या दशकातच पेटंटमध्ये मांडली होती, पण ती व्यवहारात आली १९५९ मध्ये, जेव्हा बेल प्रयोगशाळेतच मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी सिलिकॉनच्या पृष्ठावर ऑक्साइडचा पातळ थर वाढवून त्यावर धातूचे ‘गेट’ बसवले. यालाच मॉसफेट म्हणतात : गेटवरील दाब खालच्या सिलिकॉनमध्ये मार्ग उघडतो, आणि ‘ड्रेन’ व ‘सोर्स’ या दोन अग्रांमधून प्रवाह वाहतो. सुरुवातीचे मॉसफेट नाजूक होते. सत्तरच्या दशकात प्रवाह चकतीच्या पृष्ठालगत न नेता वरून खाली नेणारी उभी रचना आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीच्या ‘हेक्सफेट’मध्ये हजारो षट्कोनी पेशी समांतर जोडून चालू अवस्थेतील रोध पुष्कळ खाली आणला गेला.

तरीही घरगुती मॉडसाठी ही पिढी पुरेशी नव्हती, आणि नवख्यांची फसगत नेमकी येथेच होई. ‘आयआरएफ ५४० एन’ या घटकाच्या माहितीपत्रकात १०० व्होल्ट आणि ३३ अँपिअर हे आकडे ठळक दिसतात, तर उंबरठा-दाब २ ते ४ व्होल्ट असा लिहिलेला असतो, त्यामुळे ४.२ व्होल्टांचा सेल त्याला पुरेल असे वाटते. परंतु उंबरठा म्हणजे पाव मिलिअँपिअर प्रवाह जेमतेम सुरू होण्याचा दाब, आणि त्याचा जाहीर केलेला रोध गेटवर १० व्होल्ट असतानाचा आहे. अर्धवट उघडलेला मॉसफेट बंद असलेल्यापेक्षा वाईट, कारण तो स्वतःच तापतो. पाच व्होल्टांवर चालणाऱ्या तर्कपरिपथांना थेट जोडता यावेत म्हणून ‘लॉजिक-लेव्हल’ मॉसफेट तयार झाले होते, आणि मॉडवाल्यांनी निवड केली ती त्यांतून. त्यांच्यात लोकप्रिय झालेल्या ‘आयआरएलबी ३०३४’ चा रोध गेटवर ४.५ व्होल्ट असता कमाल २ मिलिओहम आहे, म्हणजे ८.४ अँपिअरला त्यात वॉटचा सातवा भागसुद्धा वाया जात नाही. (त्याच्या माहितीपत्रकातला १९५ अँपिअर हा आकडा आदर्श शीतनाचा असून खिशातल्या डबीत त्याला काही अर्थ नाही.) एकाच सेलचे ४.२ व्होल्टही या हमीच्या थोडे खाली पडत आणि उतरल्यावरचे तीन व्होल्ट तर बरेच खाली; दोन सेल एकसरीत जोडणाऱ्यांना ती चिंता नव्हती.

जोडणीतील बारकावेही निवडीइतकेच महत्त्वाचे ठरले. गेट हे मुळात एक लहान संधारित्र असल्याने बटण सोडल्यावरही त्यावर भार शिल्लक राहतो. तो निचरून जावा म्हणून गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १५ हजार ओहमच्या आसपासचा एक रोधक बसवण्याची रीत पडली, आणि तो विसरला तर कॉइल आपोआप तापत राही. ‘एन’ प्रकारच्या मॉसफेटचा रोध त्याच आकाराच्या ‘पी’ प्रकाराहून कमी असल्याने तोच पसंत केला जाई, पण तो बॅटरीच्या ऋण बाजूला बसतो. गिटारच्या पेडलसाठी मिळणाऱ्या ओतीव ॲल्युमिनियमच्या डब्या या कामी वापरल्या जात, आणि डबीचे अंग कॉइलच्या ऋण टोकाशी जोडलेले असताना बॅटरीचे ऋण टोक तिला नुसते टेकले, तरी प्रवाह स्विचला वळसा घालून वाहू लागे. सेल उलटा बसला तर मॉसफेटमधील अंगभूत डायोड वाट देई. मॉसफेट निकामी होतो तोही बहुधा चालू अवस्थेतच. सगळे धोके एकाच दिशेचे होते, म्हणून जाणते कारागीर बॅटरीलगत फ्यूज घालत.

दाब आणि शक्ती स्वतः नियंत्रित करणाऱ्या तयार परिपथ-पट्ट्या स्वस्त झाल्यावर सुटा मॉसफेट निवडण्याचे काम बरेचसे कारखान्यांकडे गेले. भारतात या हौसेला फारसा वाव उरला नाही, कारण सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने व त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आली असून साठवणूक सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घटकावर अर्थातच बंदी नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मॉसफेट विकत घेणारा कारागीर तो इन्व्हर्टरच्या दुरुस्तीसाठी नेतो, आणि तिथल्या बारा व्होल्टांच्या बॅटरीवर त्याला उंबरठा-दाबाचा हिशेब मांडावा लागत नाही.