पतंग-ऑर्किडचे नाव आणि त्याचा ऋतू

नागपूरच्या दक्षिणेस खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारात ‘मिहान’ प्रकल्प उभा राहिला. त्याची धुरा वाहणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली. जेथे पूर्वी शेते होती, तेथे आता वातानुकूलित कार्यालये आहेत. अशा कार्यालयात खिडकीशी ठेवलेले पतंग-ऑर्किड बाहेर वैशाख वणवा पेटलेला असताना फुलोऱ्याचा दांडा काढू शकते. त्याच जातीचे गॅलरीतील झाड मात्र वर्षभर पानावर पान काढीत राहते. याहून चमत्कारिक प्रकारही घडतो. दांडा निघतो, परंतु त्याच्या पेऱ्यावर कळीऐवजी मुळांसह एक लहान रोपच उगवते. पाहणारा या सर्वांस विकृती समजतो, आणि क्वचित झाडच टाकून देतो. वस्तुतः यात विकृती कोठेच नाही. तथापि हे उमगण्यास विद्वानांनाही दीर्घ काळ लागला. त्या काळाचा मागोवा घ्यावयाचा तर आरंभ नावांपासून करावा लागतो.

परोपजीवी वनस्पतीला संस्कृतात ‘वन्दा’ म्हणतात. अमरकोशात तिच्या पर्यायांमध्ये ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ हे शब्द शेजारी शेजारी आले आहेत. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. आंब्याचा रस शोषणारे बांडगूळ पहिल्या अर्थाचे. विदर्भाच्या रानात झाडांवर वाढणारी रास्ना दुसऱ्या अर्थाची. ती झाडाचा केवळ आधार घेते, अन्न घेत नाही. कोशाने हा भेद पुसला. पुढे सर विल्यम जोन्स यांच्या १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखातून ‘वांडा’ हे नाव वनस्पतिशास्त्रात शिरले, आणि परोपजीवीचे नाव निरुपद्रवी ऑर्किडास कायमचे चिकटले.

पतंग-ऑर्किड हे याच रास्नेचे पूर्वेकडील सगोत्र होय. लिनियसने १७५३ साली त्याला ‘एपिडेंड्रम’ या प्रजातीत घातले. हा ग्रीक शब्द म्हणजे अक्षरशः ‘वृक्षरुहा’. मलयाळममध्ये ऑर्किडांना ‘मरवाळ’, म्हणजे झाडावरची केळ, म्हणतात. सतराव्या शतकातील ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथात हे नाव लॅटिन लिपीत नोंदलेले आढळते. ब्लूमे या वनस्पतिज्ञाने १८२५ मध्ये ‘फॅलेनॉप्सिस’, म्हणजे पतंगासारखे दिसणारे, असे स्वतंत्र नाव दिले. (ग्रीक ‘फालाइना’ या शब्दाचे पतंग आणि देवमासा असे दोन्ही अर्थ होतात. मराठी ‘पतंग’ही आकाशात उडवितात आणि दिव्यावर झेपावतो. ब्लूमेचा अभिप्राय दिव्यावरच्याशी होता हे उघड आहे.)

ही सर्व नावे झाड कोठे वाढते आणि कसे दिसते एवढेच सांगतात; ते केव्हा फुलते हे एकही सांगत नाही. ती उणीव इंग्लंडमधील धनिकांनी ‘उष्ण कटिबंधातील वनस्पती’ या एका पदाने भरून काढली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पतंग-ऑर्किडच्या एकेका रोपासाठी ते प्रचंड किंमत मोजीत आणि ते कोंदट, तापविलेल्या काचगृहात ठेवीत. असंख्य ऑर्किडे त्यात मेली. चॅट्सवर्थ येथील जोसेफ पॅक्स्टन याने उष्णता कमी करून वारा खेळता ठेवला, तेव्हा ती जगू लागली. अर्थात जगणे वेगळे आणि फुलणे वेगळे.

फुलण्याचे कोडे उलगडले ते विसाव्या शतकात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून रोटर यांनी १९५२ मध्ये तापमान व दिनमान यांचा ऑर्किडांच्या बहराशी असलेला संबंध मांडला. १९८० मध्ये जपानमधील साकानिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे स्पष्ट केले: सुमारे २५ अंश सेल्सिअस वा त्याखाली दांडे निघतात, २८ अंशांवर सतत ठेवल्यास झाड केवळ पाने काढते. बागाईतदारांची मात्र अशी दृढ समजूत होती की, खरे कारण दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतर हे होय. ती समजूत २००६ मध्ये ढासळली. मिशिगन राज्य विद्यापीठातील ब्लँचर्ड व रंकल यांनी दाखविले की, निर्णायक असते ते दिवसाचे तापमान. दिवसा २९ अंश असतील, तर रात्री १७ अंशांइतका गारवा दिला तरी दांडा क्वचितच निघतो.

दांड्यावरील रोपाचा खुलासाही येथेच आहे. दांड्याच्या पेऱ्यावरील डोळ्यापुढे फूल आणि फांदी असे दोन मार्ग असतात. दांडा कोवळा असताना उष्मा वाढला, तर तो दुसऱ्या मार्गाकडे वळू शकतो. अशा रोपाला बागाईतदारांच्या जगभरच्या बोलीत ‘केइकी’ म्हणतात. हा हवाई बेटांतील शब्द असून त्याचा अर्थ मूल. महाराष्ट्रातील वाचकास याचे नवल वाटू नये. घायपाताच्या उंच दांड्यावर लगडलेली बारकी रोपे त्याने बांधाबांधावर पाहिलेली असतात. मराठीतही केळीच्या बुंध्याशी येणाऱ्या कोंबास ‘मुनवे’ हा स्वतंत्र शब्द आहे. तोच येथे योजण्यास हरकत नसावी.

आता मिहानमधील त्या दोन कुंड्यांकडे वळता येईल. नागपूरच्या थंडीत रात्री १२-१३ अंशांपर्यंत उतरतात, परंतु दिवसाचे कमाल तापमान ऐन पौषातही २८ अंशांच्या आसपास असते. रात्रीच्या गारव्यावर विसंबून गॅलरीत ठेवलेल्या झाडास म्हणूनच अनेकदा दांडा येत नाही. घरातील सावलीच्या, दुपारीही गार राहणाऱ्या खोलीत त्याची शक्यता अधिक. कार्यालयात यंत्र दिवसा चालते, संध्याकाळी बंद होते. कामाच्या आठ-दहा तासांत तेथे २४-२५ अंश राखले जातात आणि नेमके तेवढेच झाडास हवे असते. खिडकीतून पुरेसा उजेड मिळत असेल, तर चैत्र-वैशाखात निघालेला दांडा पंचांगाच्या दृष्टीने अवेळी ठरेल. झाडाच्या दृष्टीने तो वेळेवरच निघालेला असतो. मात्र त्या कोवळ्या दांड्यासह कुंडी मे महिन्याच्या सुटीत घरी नेऊन गॅलरीत ठेवली, तर फुलांऐवजी मुनवे हाती येण्याचा संभव आहे.